परमुलखातील पाच रुपये

सुशिक्षित माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाहीत असे जे वर्तनाचे प्रकार आपल्या समाजाने मनोमन ठरवून ठेवले आहेत, त्यांत फेरीवाल्याशी पाच-दहा सुट्या रुपयांवरून हुज्जत घालणे हा प्रकार बराच वरच्या क्रमांकावर येतो. आणि ही हुज्जत जर परक्या मुलखात, परक्या भाषेत आणि परक्या नाण्यांविषयी घालण्याची वेळ आली, तर ती घालणाऱ्याकडे त्याचे स्वतःचे सहप्रवासीदेखील अनुकंपेने पाहू लागतात. मोठ्या रकमेसाठी झगडणाऱ्याला आपण व्यवहारदक्ष म्हणतो, सिद्धान्तासाठी झगडणाऱ्याला बाणेदार म्हणतो, परंतु पाच रुपयांची तक्रार करणाऱ्याला कृपण ठरवून आपण मोकळे होतो. ही वर्गवारी मला मान्य नाही. सुट्या पैशांचा तंटा क्षुद्र दिसतो तो केवळ रक्कम क्षुद्र असते म्हणून. ज्या संबंधातून तो उद्भवतो तो संबंध, म्हणजे पूर्वी कधी न भेटलेल्या आणि पुढेही कधी न भेटणाऱ्या दोन माणसांमधला विनिमय, हा मात्र मानवी व्यवहारातील अत्यंत अवघड संबंधांपैकी एक आहे, आणि तो कसा निभावला जातो यावरून त्या दोन समाजांच्या न्यायबुद्धीची परीक्षा होत असते.

हा विषय परदेशाचा आहे म्हणून लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर जाण्याची घाई करण्याचे कारण नाही, कारण परदेश ही वस्तू नकाशावर एका जागी स्थिर नसते. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नावाचे गाव आहे. तेथील नाक्यावरून एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो आणि पुढे शिरसाडजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जाऊन मिळतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतील नवसाशी ज्या देवीचे नाव जोडले गेले तिचे मंदिर याच वाटेवर आहे. अकलोलीची उष्णोदकाची कुंडे याच वाटेवर आहेत. आणि भगवान नित्यानंदांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी जेथे देह ठेवला ते तानसेच्या खोऱ्यातील गणेशपुरी हे क्षेत्रही याच वाटेवर आहे. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी १९७० पासून पाश्चात्त्य देशांचे दौरे केले आणि त्यानंतर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांतून साधक गणेशपुरीस येऊ लागले. भिवंडीच्या बाजूने येणाऱ्या अशा साधकाला अंबाडी नाका ओलांडूनच जावे लागते. आपल्या दृष्टीने जो चहा-वडापावच्या गाड्यांचा, रिक्षांचा आणि एसटीच्या थांब्याचा एक सामान्य नाका आहे, तोच त्याच्या दृष्टीने संपूर्ण परदेश असतो. आणि शहाळ्यासाठी पुढे केलेल्या पाचशेच्या नोटेतून आपल्याला किती परत मिळावयास हवे, याविषयीचा त्याचा संभ्रम हा काठमांडूच्या चौकात किंवा न्यू जर्सीच्या दुकानात उभ्या असलेल्या मराठी माणसाच्या संभ्रमाहून जातीने निराळा नसतो.

अशा नाक्यावरचा व्यवहार काही काळ लक्षपूर्वक पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. गावातला माणूस चहा घेतो, खिशात सुट्टे नसतात, आणि चहावाला हात हलवून सांगतो, ‘राहू द्या, उद्या द्या.’ उलट कधी चहावाल्याच्याच गल्ल्यात मोड नसते, तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, ‘असू दे, सकाळी घेतो.’ देण्याघेण्यातील ही लहानसहान बाकी कोणी वहीत लिहीत नाही, तरीही ती बहुधा बुडत नाही, कारण उद्या दोघेही तेथेच असणार आहेत. ज्या व्यवहाराला भविष्यकाळ आहे त्या व्यवहाराला सुट्या पैशांची गरज फारशी नसते. परक्याला हा भविष्यकाळ उपलब्ध नसतो. त्याची पत शून्य असते, ती तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर त्याची रिक्षा दहा मिनिटांत सुटणार असते म्हणून. आणि विक्रेत्याची पतही त्याच्या लेखी तितकीच शून्य असते. त्यामुळे जो हिशेब ओळखीच्या दोन माणसांत आठवड्याने मिटला तरी चालतो, तो परक्या दोन माणसांत त्या जागी, त्या क्षणी, शेवटच्या नाण्यापर्यंत मिटावा लागतो. सुट्टे नाणे हे परक्यांच्या जगात उद्याच्या जागी उभे राहणारे साधन आहे. आणि ते साधन हाताशी नसले म्हणजे जो तणाव निर्माण होतो, त्याचे खापर आपण एकमेकांच्या चारित्र्यावर फोडतो.

वस्तुतः विक्रेत्यांनी या अडचणीवर फार प्राचीन काळापासून एक उपाय योजलेला आहे, आणि तो अंबाडीच्या परिसरातही दिसतो. आसपासच्या पाड्यांवरून आदिवासी बाया उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे आणतात, पावसाच्या तोंडावर शेवळांच्या जुड्या आणि त्यांची खाज मारणारी काकडे आणतात. हा माल त्या तोलत नाहीत. त्याचे वाटे लावलेले असतात आणि वाट्याची किंमत नेहमी एका नोटेची किंवा एका नाण्याची असते. किंमत स्थिर ठेवून परिमाण कमीजास्त करावयाचे, हंगाम भरात असला की वाटा मोठा आणि सरत आला की वाटा लहान, आणि गिऱ्हाईक रेंगाळले तर वर एक मूठ घालावयाची: या पद्धतीत सुट्या पैशांचा प्रश्नच उत्पन्न होत नाही, कारण सुट्टा भाग पैशात न राहता मालात जातो. वजनकाट्याच्या अभावी पडलेली ही अडाणी रीत आहे असे मानणाऱ्यांनी तिच्यातील हे शहाणपण पाहिलेले नाही. परक्या गिऱ्हाइकालाही ही पद्धत सर्वांत निर्धोक असते. समोर ढीग दिसतो, एक नोट दिसते, आणि मध्ये गणित उरत नाही.

परंतु चहा मुठीने वाढवून देता येत नाही आणि रिक्षाचे भाडे वाट्यात मांडता येत नाही. तेथे नाणेच लागते, आणि नाण्याचा इतिहास पाहिला तर परमुलखातील प्रवाशाचे हाल हे काही विमानप्रवासाच्या युगात सुरू झालेले नाहीत, असे दिसून येते. मराठी अमलात एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले की रुपया बदलत असे. टाकसाळी अनेक, शिक्के अनेक, आणि प्रत्येक शिक्क्याचा भाव सराफ ठरवीत. या गावचा रुपया त्या गावी द्यावयाचा तर त्यावर बट्टा भरावा लागे, आणि सरकारी वसुलीच्या कागदांतही बट्ट्याची कलमे आढळतात. तांब्याची शिवराई ही गोरगरिबांची मोड. ती रुपयास किती पडावी हेही काळ आणि ठिकाण यांप्रमाणे हलत असे. वसई पोर्तुगिजांकडे होती तोपर्यंत तर तानसेच्या खाडीमुखाकडील मुलखात निराळ्याच राज्याची नाणी चालत. म्हणजे कोसा-दोन कोसांच्या प्रवासात परदेश लागे, आणि बाजारकरणीला टोपलीबरोबर नाण्यांच्या भावाचे ज्ञानही वाहून न्यावे लागे. कंपनी सरकारने १८३५ साली एकरूप रुपया सुरू केला आणि सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशेब्याण्णव पै हे कोष्टक पुढे सगळ्या मुलखात रुळले, तेव्हा सराफाचा बट्टा हळूहळू गेला. तरी सुट्या नाण्यांची टंचाई मात्र गेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती इतकी तीव्र झाली की मोड साठवून ठेवणे हा गुन्हा ठरविण्यात आला, कित्येक संस्थानांनी नाण्यांऐवजी पुठ्ठ्याची कुपने काढली, आणि १९४३ पासून सरकारने धातू वाचविण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा पाडला. तो पैसा आजही जुन्या घरांतून करदोट्याला किंवा देवघरातील डब्यात सापडतो.

या इतिहासातील मला सर्वांत बोधप्रद वाटणारा प्रसंग १ एप्रिल १९५७ चा आहे. त्या दिवशी आण्यांची जागा नव्या पैशांनी घेतली, रुपयाचे शंभर भाग झाले, आणि कोट्यवधी माणसे आपल्या स्वतःच्या गावात, घराचा उंबरठा न ओलांडता, परमुलखातील प्रवासी होऊन बसली. जुना एक पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून किंचित अधिक. तेव्हा परिवर्तनाचे जे कोष्टक सरकारने प्रसिद्ध केले त्यात अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर नेण्यात आले. चार आण्यांचे पंचवीस बरोबर झाले, परंतु एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस झाले. त्याहून खाली उतरले की खरी मौज गरिबाच्या मुळावर येणारी होती: जुन्या एका पैशाचे दोन नवे पैसे, दोन पैशांचे तीन, तीन पैशांचे पाच, आणि चार पैशांचे, म्हणजे आण्याचे, सहा. ज्याच्यापाशी जुनी नाणी उरली नव्हती आणि जो एकेक पैशाची वस्तू चार वेळा घेई, त्याला आठ नवे पैसे मोजावे लागत. जो तेच चार नग एकदम घेई, त्याला सहा पुरत. यात कोणी कोणाला फसविले नव्हते. कोष्टक न्याय्य होते, दुकानदार कायद्याप्रमाणे वागत होता, आणि तरीही थोडे थोडे विकत घेणाऱ्याच्या खिशातून चौथा हिस्सा गळत होता. सुट्या पैशांच्या तंट्यात लबाडी शोधण्याआधी गणित तपासावे असे मी म्हणतो ते या अनुभवावरून. आणि अपूर्णांक कोठे तोडावयाचा, प्रत्येक वस्तूवर की शेवटच्या बेरजेवर, हा प्रश्न तात्त्विक आहे असे म्हणतो तेही यावरूनच. कॅनडाने फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटचे नाणे वितरणातून काढले तेव्हा पूर्णांकाचा नियम फक्त रोख रकमेला आणि तोही करासह शेवटच्या एकूण बेरजेला लावण्याचे ठरविले. ऑस्ट्रेलियाने १९९२ पासून एक व दोन सेंटची नाणी परत घेतली, तेथेही एकंदर रकमेवरच असा नियम रुळला. ज्या मराठी प्रवाशाला हे ठाऊक नसते त्याला दोन सेंट लुबाडल्यासारखे वाटते, आणि पुढच्या दुकानात त्याच नियमाने दोन सेंट वाचले तर ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

आता खुद्द परदेशाकडे वळू. भिवंडी, वाडा, शहापूर या भागांतून पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेला जाणाऱ्या मंडळींचा पहिला परदेश नेपाळ हाच असतो, आणि तेथे एक विलक्षण अडचण आहे: भारतीय रुपया तेथे चालतो, नेपाळी रुपयाही चालतो, आणि दोघांचेही नाव रुपयाच आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. विक्रेता ‘पन्नास’ म्हणतो. पन्नास कोणते, हे विचारले नाही तर पुढील सगळा तंटा त्या एका न विचारलेल्या प्रश्नात साठलेला असतो. समजा यात्रेकरूने शंभराची भारतीय नोट दिली आणि त्याला पन्नास नेपाळी परत मिळाले. किंमत नेपाळी असेल तर त्याला एकशे दहा नेपाळी मिळावयास हवे होते. किंमत भारतीय असेल तर ऐंशी नेपाळी मिळावयास हवे होते. कोणत्याही अर्थाने पन्नास ही रक्कम अपुरीच आहे, परंतु शंभरातून पन्नास गेले की पन्नास उरतात या आपल्या जन्मजात हिशेबामुळे ती अगदी बरोबर भासते. म्हणूनच तेथील सरावलेला यात्रेकरू किंमत ऐकताच ‘आयसी की एनसी?’ एवढेच विचारतो. भारतीय चलन की नेपाळी चलन, हा त्याचा अर्थ. हा प्रश्न विचारण्यात कोणताही संशय नाही, कोणताही अपमान नाही, आणि त्या तीन शब्दांनी जेवढे तंटे टळतात तेवढे मोठ्या आवाजाने एकही मिटत नाही.

मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांची अडचण याच्या उलट जातीची असते. आपल्याकडे वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात, आणि गेल्या तीन दशकांत ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की छापील किमतीहून अधिक मागणारा दुकानदार आपल्या मते उघडच अपराधी असतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत फळीवर लावलेली किंमत करावाचूनची असते आणि विक्रीकर गल्ल्यापाशी वर चढतो. नाणी मोजून, मुठीत नेमके पैसे धरून रांगेत उभ्या राहिलेल्या वृद्ध गृहस्थाला तेथे अचानक सात-आठ सेंट अधिक मागितले जातात, मागे रांग खोळंबते, आणि लाजेने किंवा रागाने त्यांचा चेहरा उतरतो. त्यातच परत देण्याची रीत निराळी. आपल्याकडे वजाबाकी आधी मनात होते आणि तयार उत्तर हातावर ठेवले जाते; त्या देशात मुरलेला विक्रेता किमतीपासून वर मोजत जातो, आधी चिल्लर ठेवतो, मग लहान नोटा, मग मोठी, आणि दिलेल्या रकमेपर्यंत पोहोचला की थांबतो. चिल्लर हातात पडताच ‘एवढेच?’ असे विचारणारा आपला माणूस मोजणी अर्धी असतानाच आरोप करून बसतो. नेमकी हीच चूक, दिशा उलटवून, अंबाडी-वज्रेश्वरीच्या बाजूला परदेशी पाहुण्याच्या हातून घडते. येथील विक्रेत्यापाशी मोड नसली म्हणजे तो गिऱ्हाइकाची पाचशेची नोट घेऊन शेजारच्या गाडीवर, तेथे नाही मिळाली तर पलीकडच्या औषधाच्या दुकानात जातो. गावच्या माणसाला यात वावगे काहीच वाटत नाही. परक्याला मात्र आपली नोट घेऊन पळणारा मनुष्य दिसतो, आणि तो ओरडतो किंवा त्याच्या मागे धावतो. त्या ओरडण्याने ज्याचा अपमान होतो तो मनुष्य वस्तुतः त्याच्याचसाठी भर उन्हात मोड शोधत फिरत असतो. दोन समाजांच्या दोन निरुपद्रवी सवयी एकमेकींवर आदळल्या, एवढाच त्या प्रसंगाचा आशय. पण त्या साधकाच्या मनात ‘येथील लोक’ या शीर्षकाखाली एक कायमची नोंद होते, आणि विक्रेत्याच्या मनात ‘हे गोरे लोक’ या शीर्षकाखाली दुसरी.

अशा प्रसंगी प्रवाशाला जो उपदेश केला जातो तो दोन प्रकारचा असतो, आणि दोन्ही प्रकार मला चुकीचे वाटतात. पहिला उपदेश उदारतेचा: पाच रुपयांनी तुमचे काय जाते, त्या बिचाऱ्याला होतील, सोडून द्या. हा उपदेश वरवर फार सात्त्विक दिसतो, म्हणून त्याचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे. विक्रेता जेव्हा आपला माल विकतो तेव्हा तो आपल्याशी समान भूमिकेवर उभा असतो. त्याने माल दिला, आपण मोल दिले, कोणी कोणाचा मिंधा नाही. उरलेली रक्कम जेव्हा आपण त्याला न विचारता, न मागता, केवळ कंटाळ्यापोटी सोडून देतो, तेव्हा त्या समान व्यवहाराचे रूपांतर आपण एकतर्फी दानात करतो, आणि तेही दानाचा उच्चार न करता. मनात मात्र ‘फसविले असेल तरी चालेल’ हा निवाडा देऊन ठेवतो. ज्याने फसविलेले नसते, जो मोड आणावयास गेलेला असतो, त्याच्यावर हा अन्याय आहे. ज्याने खरोखर फसविले असते त्याला हे उत्तेजन आहे. आणि ज्याचा या प्रसंगाशी काही संबंध नाही अशा तिसऱ्या माणसावर, म्हणजे त्याच रस्त्यावरून उद्या जाणाऱ्या, त्याच रिक्षात बसणाऱ्या स्थानिक गिऱ्हाइकावर, याचा भार पडतो. कारण परक्यांनी सोडलेल्या रकमांतून हळूहळू नवा भाव ठरतो. यात्रेच्या गावांत राहणाऱ्यांना विचारा: चैत्र अमावास्येच्या वज्रेश्वरीच्या जत्रेसारख्या गर्दीच्या दिवसांत जो भाव चढतो तो जत्रा उठल्यावर पूर्णपणे खाली येतोच असे नाही. द्यावयाचे असेल तर अवश्य द्यावे, परंतु हिशेब पुरा झाल्यावर, रक्कम हातात आल्यावर, आपल्या हाताने आणि तोंडाने सांगून द्यावे. घेणाऱ्यालाही मग ती बक्षिशी म्हणून मान वर ठेवून घेता येते.

दुसरा उपदेश सावधगिरीचा: ते सगळे तुम्हाला लुटायलाच बसले आहेत, एक पै सोडू नका. प्रवासाच्या मार्गदर्शिकांतून आणि परत आलेल्या नातलगांच्या तोंडून हा उपदेश इतका ऐकू येतो की पुष्कळ माणसे विमानातून उतरतात तीच मूठ आवळून. जो प्रत्येक विक्रेत्याला चोर समजून बोलतो त्याला चोरही चोरासारखाच भेटतो आणि सज्जनही चोरासारखाच भेटतो, म्हणजे त्याला भेद ओळखण्याचे साधनच उरत नाही. याहून अधिक या उपदेशाविषयी लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

मग करावे काय? माझ्या मते सगळा भर तंट्याच्या आधीच्या क्षणावर द्यावयास हवा, कारण पैसे हातातून गेल्यावर न्याय मागणे आणि पैसे हातात असताना स्पष्टता मागणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वस्तू उचलण्याआधी किंमत विचारावी. कोणत्या चलनात आणि किती नगांची, हेही विचारावे. आणि मोठी नोट द्यावयाची असेल तर ती हातात धरूनच, देण्याआधी, ‘पाचशे आहेत, सुट्टे मिळतील का?’ असे उच्चारावे. या वाक्याचे दोन उपयोग होतात. नोट किती रुपयांची होती याचा वाद नंतर उत्पन्न होत नाही, आणि विक्रेत्याला नकार देण्याची संधी मिळते. ही संधी त्याचा हक्क आहे, हे आपण विसरतो. ज्या इंग्रजी विधीच्या परंपरेतून आपले कायदे आले त्या परंपरेत, देणेकऱ्याने नेमकी रक्कम पुढे करावी, मोड देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही, असे तत्त्व पूर्वापार मानलेले आहे. म्हणजे सकाळी सात वाजता, भवानीदेखील झालेली नसताना, दहा रुपयांच्या चहासाठी पाचशेची बंदी नोट पुढे करणारा प्रवासी हा न्यायतः पीडित पक्ष नसून पीडा देणारा पक्ष असतो. मात्र त्या तत्त्वाची दुसरी बाजूही तेवढीच स्पष्ट आहे: मोड देणे बंधनकारक नसेल, तरी नोट एकदा स्वीकारल्यावर उरलेली रक्कम ठेवून घेण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. मोड नाही म्हणून गोळी किंवा चॉकलेट हातावर ठेवणे हा, गिऱ्हाइकाने राजीखुशीने घेतले नाही तर, त्याला न मागितलेला माल विकण्याचाच प्रकार होय, मग तो परदेशातील बाजारात होवो वा आपल्या किराण्याच्या दुकानात.

तरीही तंटा उभा राहिलाच तर आरोपाच्या ऐवजी मोजणी करावी. ‘तुम्ही कमी दिले’ हे वाक्य निवाडा आहे. ‘आपण पुन्हा मोजू या’ हे वाक्य निमंत्रण आहे, आणि ज्याची चूक अनवधानाने झाली त्याला ती सुधारण्यास जागा ठेवणारे आहे. पैसे खिशात घालण्याआधी, विक्रेत्याच्या देखत, मोठ्याने मोजणे हे पुष्कळांना असभ्य वाटते. मला ते उभयपक्षी सौजन्याचे वाटते, कारण नंतर उद्भवणाऱ्या शंकेपासून ते विक्रेत्याचेही रक्षण करते. भाषा येत नसेल तर आकडा कागदावर लिहावा. याबाबतीत आपल्या एसटीने दाखविलेली रीत मला सगळ्या जगाला सांगण्याजोगी वाटते. १९४८ पासून धावणाऱ्या या सेवेतील वाहकापाशी गाडी सुटताना मोड क्वचितच असते. तेव्हा तो उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो आणि प्रवासी उतरण्यापूर्वी ती चुकती करतो. वाहक आणि प्रवासी एकमेकांना परके असतात, त्यांच्यामध्ये उद्या नसतो. परंतु पुढचा तासभर असतो, आणि पेन्सिलीने लिहिलेले दोन आकडे त्या तासाभरापुरती पत निर्माण करतात. गर्दीत कधी ती बाकी घ्यावयाची राहून जाते, वादही होतात, हे खरे. पण त्या वादातही लेखी पुरावा प्रवाशाच्या हातात असतो, आणि तो देणाऱ्यानेच दिलेला असतो. परक्या माणसांतील लहान देण्याघेण्याला असा लेखी आधार मिळाला की आवाज चढवण्याचे कारण उरत नाही.

अलीकडे एक मत असे ऐकू येते की हा सगळा प्रश्न आता कालबाह्य झाला. २०१६ साली यूपीआय आले, भाजीवालीच्या पाटीपुढे क्यूआरचा फलक आला, सात रुपये असोत की सत्तावीस, नेमकी रक्कम क्षणात पोहोचते, मग मोड हवी कोणाला? स्थानिक माणसापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि मी त्याचे स्वागतच करतो. परंतु या सोयीची छाया परक्यावर पडली आहे, ती पाहिली पाहिजे. नाक्यावरची बहुतेक गिऱ्हाइके फोनवरून पैसे देऊ लागल्यामुळे विक्रेत्याच्या गल्ल्यात दिवसभर रोख जमतच नाही. पूर्वी संध्याकाळपर्यंत दहा-वीसच्या नोटांची आणि नाण्यांची जी रास साठे तीच परत देण्याच्या कामी येई. आता ज्या थोड्या लोकांपाशी रोखीखेरीज साधन नाही, म्हणजे परदेशी पाहुणा, साधा फोन वापरणारा म्हातारा शेतकरी, पाड्यावरून बाजाराला आलेली बाई, त्यांनाच नेमकी मोड मिळेनाशी झाली आहे. परदेशी प्रवाशांसाठी यूपीआयची सोय २०२३ पासून सुरू झाली आहे आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरपासून नेपाळपर्यंत आपल्या यूपीआयचे पाऊलही पोहोचले आहे, परंतु गणेशपुरीच्या वाटेवर पहिल्यांदाच उतरलेल्या पाहुण्याच्या हातात आजही बहुधा बँकेच्या यंत्रातून निघालेली पाचशेची नोटच असते. इकडून परदेशी गेलेल्या मराठी माणसाची गोष्टही तशीच. लंडनच्या बसने जुलै २०१४ पासून रोख पैसे घेणे बंद केले, आणि खिशात पौंडांची नाणी खुळखुळत असताना बसच्या दारात अडकून पडण्याची पाळी तेथे येऊ शकते. रोखीचे जग आकसते आहे, आणि त्यात मागे राहणारे बहुधा ते आहेत ज्यांना त्या गावात ओळख नाही किंवा साधन नाही.

म्हणून या प्रश्नाचा काही भाग प्रवाशाच्या शहाणपणावर किंवा विक्रेत्याच्या सचोटीवर सोडता येत नाही. तो सार्वजनिक व्यवस्थेचा आहे. ५० पैशांखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. दहा रुपयांचे नाणे खोटे असल्याची अफवा उठली तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये त्याचे चौदाही प्रकार कायदेशीर असल्याचे जाहीर करावे लागले, आणि तरीही कित्येक गावांतून ते नाणे आजही नाकारले जाते. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी ग्राह्य आहेत, ही गोष्ट वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लावता येण्यासारखी आहे, आणि ग्रामपंचायतींनी ती लावावी. नाणी व लहान नोटा बदलून देणे हे बँकांच्या शाखांचे कर्तव्यच आहे. परंतु दहा रुपयांच्या चहासाठी गाडी सोडून बँकेत रांग लावणे फेरीवाल्याला परवडत नाही. अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी या वाटेवर ज्या बँकांच्या शाखा आहेत त्यांनी आठवड्यातून एक सकाळ, आणि चैत्रातील जत्रेच्या आधीच्या आठवड्यात रोज, आपला माणूस मोडीच्या पिशव्या घेऊन नाक्यावर आणि मंदिराच्या पायथ्याशी बसवावा, आणि हातगाडीवाले, पाटीवाल्या व रिक्षाचालक यांना त्यांच्या जागी, कोणताही बट्टा न घेता, शंभर-शंभर रुपयांची नाणी व दहाच्या नोटा बदलून द्याव्यात. खर्च एका माणसाच्या काही तासांचा आहे, आणि तो कोणत्याही शाखेला झेपण्यासारखा आहे.